टेक्स्ट उभं मधोमध येत नाहीये? आधी बॉक्सची उंची बघा

इंदूरला विजयनगरकडच्या छोट्या वेब कंपन्यांत फ्रेशरला बोलावलं की आधी मशीन टेस्टला, म्हणजे कॉम्प्युटरवर कोड लिहायच्या परीक्षेला बसवतात, आणि त्यात वेबपेजवरचं एखादं कार्ड नाहीतर बटण असतंच, टेक्स्ट वरून-खालून बरोबर मध्ये आणा म्हणून. निम्मी पोरं CSS मध्ये (पेजचं दिसणं ठरवणारा कोड) व्हर्टिकल-अलाइन मिडल लिहितात आणि काहीच हलत नाही. हलणार कसं, ती प्रॉपर्टी इनलाइन गोष्टींना (ओळीत बसणाऱ्या) आणि टेबलच्या सेलला लागते, साध्या डिवला, म्हणजे पेजवरच्या साध्या बॉक्सला नाही.

मी आता नवीन पोरांच्या टेस्ट बघतो तेव्हा आधी एकच विचारतो, बॉक्सला स्वतःची उंची आहे का? नसेल तर बॉक्स टेक्स्टएवढाच असतो, मग मध्ये आणायला जागाच कुठाय भिया! मिन-हाइट (कमीत कमी उंची) द्या, मग त्याच बॉक्सला डिस्प्ले फ्लेक्स आणि अलाइन-आयटम्स सेंटर, झालं काम. 2024 च्या मार्च-एप्रिलपासून क्रोम 123, सफारी 17.4, फायरफॉक्स 125 मध्ये साध्या ब्लॉकलाही अलाइन-कंटेंट सेंटर चालतं, फ्लेक्स लावायचीही गरज नाही, पण जुने फोन वापरणारे लोक असतील तर मी अजून फ्लेक्सच लावतो.

लाइन-हाइट (एका ओळीची उंची) बॉक्सच्या उंचीएवढी ठेवायची ट्रिक जुन्या कोडमध्ये खूप दिसेल. एका ओळीपुरती ठीक, दुसरी ओळ आली की बॉक्सच्या बाहेर. इंटरनेट एक्सप्लोरर 11 मध्ये तर मिन-हाइट असली की फ्लेक्सचं सेंटरसुद्धा बिघडायचं, पण तो 15 जून 2022 ला रिटायर झाला, त्यात वेळ घालवू नका.

आता खरी गंमत, जी क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. आपल्याकडे क्लायंट हिंदी-मराठी मजकूर देतो, आणि कोड बरोबर असूनही टेक्स्ट क्रोममध्ये जरा वर नि आयफोनवर जरा खाली दिसतं. ब्राउझर अक्षराचा नाही, ओळीच्या बॉक्सचा मध्य काढतो, आणि त्या बॉक्सचा हिशोब फॉन्टच्या आतल्या मापांवर असतो. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यात विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर, प्रत्येकाची मापं वेगळी. म्हणून देवनागरीचा वेबफॉन्ट (साइटसोबतच येणारा फॉन्ट) स्वतः लोड करा म्हणजे सगळीकडे एकच माप राहील, लाइन-हाइट 1.5 च्या आसपास ठेवा, आणि तरी टेस्टर "वर दिसतंय" म्हणाला तर मार्जिन ढकलत बसण्याआधी क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये कम्प्युटेड टॅबच्या अगदी खाली जा, खरोखर कोणता फॉन्ट लागलाय ते तिथे लिहिलेलं असतं.