जुना लेथ घरी दुरुस्त करताय? खोलायच्या आधी या चुका टाळा

जुना लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन) घरी आला की पहिली घाई असते सगळं खोलून, घासून, रंग मारून चकाचक करायची. आणि निम्म्या मशिनी इथेच बिघडतात, कारण एकदा सगळं सुटं झालं की मशीन आधी काय करत होतं, कुठे ढिलं होतं, कुठे आवाज देत होतं, हे सांगायला काही उरत नाही. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी डायल गेज (किंचितशी हालचालही काट्यावर दाखवणारं माप) घ्या. जेवढं चालतंय तेवढं चालवून बघा, मापं लिहून ठेवा, मगच काय उघडायचं ते ठरवा.

सगळ्यात जास्त फसवणूक स्पिंडलच्या, म्हणजे काम फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या बाबतीत होते. लोक चकमध्ये (स्पिंडलच्या तोंडावरच्या पकडीत) रॉड पकडतात, त्यावर गेज लावतात, ०.१ मिमी आउट, म्हणजे फिरताना डोलणं, दिसलं की म्हणतात बेअरिंग गेलं. अहो, जुन्या तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये एवढं आउट असणं अगदी नेहमीचं आहे, त्यात बेअरिंगचा काही दोष नाही! चक काढा, स्पिंडलचा आतला टेपर (निमुळतं भोक) पुसून त्यावर गेज लावा, तिथे ०.०१ च्या आसपास असेल तर स्पिंडलला हात लावू नका. मग गेज स्पिंडलच्या वर टेकवून खालून लाकडी दांड्याने हलकेच उचलून बघा, म्हणजे ढिलाई किती ते कळतं. बुशचं (गोळ्यांऐवजी साध्या नळीचं) बेअरिंग असेल तर तेलाच्या थरापुरती थोडी फट लागतेच, ती शून्य करायला गेलात तर बेअरिंग तापून धरेल. आणि उघडावंच लागलं तर बेअरिंगच्या झाकणाखालचे शिम (पातळ पत्रे) कुठल्या बाजूचे, किती जाडीचे हे लिहूनच काढा, डावे उजवे मिसळले की गेलं.

आता बेड, म्हणजे मशीनचा खालचा लांब पाया. बेड चकच्या जवळ जास्त झिजतो कारण काम तिथेच होतं, त्यामुळे सॅडलची (बेडवर सरकून टूल नेणाऱ्या भागाची) ढिलाई घालवणारी जिब पट्टी चकजवळ घट्ट केली आणि सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे नेला की तो अडकतो. लोक म्हणतात जिब बिघडली. जिब बरोबर आहे, तुम्हाला बेडची झीज कळली एवढंच, पट्टी कमी झिजलेल्या टोकाला सेट करा आणि चकजवळची थोडी ढिलाई मान्य करा. पण बेडवर गंज दिसतोय म्हणून पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात नको. पेपरचे दाणे बिडाच्या पृष्ठभागात रुतून बसतात आणि मग सॅडल प्रत्येक फेरीला तेच दाणे घासत बसतो. रॉकेल लावून ठेवा, पितळी पट्टीने किंवा ब्लेड आडवं धरून गंज खरवडा, पुसा, तेल लावा. काळे डाग राहिले तर राहू देत, डागांनी माप चुकत नाही.

टेपर कटिंगची, म्हणजे सरळ रॉड निमुळता कापला जाण्याची तक्रार सगळ्यात जास्त असते आणि लोक लगेच हेडस्टॉकचे (स्पिंडल धरणाऱ्या पेटीचे) बोल्ट ढिले करतात. ते शेवटी करायचं काम आहे! आधी बेडचा पीळ बघा. लेथ दिसायला कितीही दणकट असला तरी चार पाय सारखे टेकले नाहीत की बेड पिळतो, आणि सुताराच्या लेव्हलने हे कळत नाही, त्यासाठी मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन लेव्हल लागते. ती नसेल तर कापून बघा: २५-३० मिमीचा रॉड चकमध्ये धरून साधारण १५० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावायचा नाही, मधला भाग थोडा खाली उतरवा म्हणजे दोन टोकांना दोन कॉलर (उंच पट्टे) राहतील, आणि धारदार टूलने क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्हीवर अगदी बारीक कट घ्या. जाड कट घेतला तर रॉड वाकून खोटं माप देतो. मग मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या टोकाचा तुमच्या बाजूचा पाय शिम घालून किंचित उचला, लहान आली तर मागचा. परत कापा, परत मोजा, कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. दोन्ही सारख्या आल्या की मगच टेलस्टॉक लावून त्याचं सेंटर (रॉडला आधार देणारं टोक) सरळ करा. हा क्रम उलटा केला तर एक चूक दुसरीला झाकते आणि पुढे काहीच जुळत नाही.

आट्यांचा (स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला) चक जाम झालाय म्हणून बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) लॉक करून चकला झटका देणं ही मोठी चूक आहे, बिडाच्या गिअरचा दात तुटायला एकच झटका पुरतो. आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, मग मागच्या बाजूला बेडवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर चकचा जॉ टेकवा आणि बेल्ट हाताने उलटा ओढा. मोटर चालू करायची नाही, प्लग काढलेलाच हवा. समोर बेडवर फळी टाकून ठेवा, चक सुटून बेडवर पडला तर खाच पडते.

तेलाच्या जागी ग्रीस भरू नका, निप्पल (वंगण भरायचं तोंड) दिसला म्हणजे ग्रीस असं नसतं, बऱ्याच लेथला ते तेलाचे निप्पल असतात आणि ग्रीसने आतल्या वाटा बुजतात. बेडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घाला. लीड स्क्रूवर (सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) ग्रीस लावलं तर त्यात कीस चिकटून त्याला पकडणारा हाफ नट खराब होतो.

रंग शेवटी, आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

थ्री फेज मोटर घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडीने (सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटरचा स्पीड बदलणाऱ्या डब्याने) चालते, पण आधी मोटरची प्लेट वाचा. २३०/४०० लिहिलं असेल तर कनेक्शन डेल्टात करावं लागतं, स्टारमध्ये (या दोन मोटरच्या वायरी जोडायच्या पद्धती) ठेवलं तर मोटर पूर्ण ताकद देणार नाही. मशीनचा जुना स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका, चालू असताना तो तोडला तर व्हीएफडी जाऊ शकतो, तो स्विच कंट्रोलच्या वायरवर वापरा. स्पीड खूप कमी ठेवून तासन्‌तास चालवलं तर मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते, तेव्हा बेल्ट बदलूनच स्पीड कमी करा. आणि आट्यांचा चक असेल तर व्हीएफडीत थांबायचा वेळ काही सेकंदांचा ठेवा, एकदम ब्रेक लावला किंवा उलटं फिरवलं तर चक फिरत फिरत सुटून बाहेर येतो.