मॅकडोनल्ड्स, केएफसी की नाक्यावरचा वडापाव: फास्ट फूडची हवा किती खरी, हे कसं तपासायचं

कुठली चेन भारी, यावर मुंबईत कॉलेजच्या कट्ट्यापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत वाद रंगतात आणि क्वचितच मिटतात. एकाने चिकन दुकानात बसून गरमागरम खाल्लेलं असतं. दुसऱ्याने बर्गर मागवलेला असतो पार्सलने, चाळीस मिनिटांनी, पावसात. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नसतात.

आमचं मत असं की ब्रँडला सरसकट गुण देऊच नयेत. प्रत्येक चेनला एखादीच गोष्ट खरोखर चांगली जमते आणि बाकीचा मेनू तिच्या नावावर खपतो. तेव्हा ती गोष्ट शोधा, ती नीट तपासा आणि पैसे तिच्यावरच घालवा.

तयारी

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा), मापाची टेप, फोनवरचं स्टॉपवॉच आणि वही एवढं पुरे. पाण्याची बाटली जवळ ठेवा. दोन पदार्थांच्या मध्ये साधं पाणी प्या, कोला नको. साखर आणि गॅसमुळे जीभ पुढच्या पदार्थाचं मीठ नीट पकडत नाही.

ऑर्डर सर्वांत साधी द्या: जादा चीज नको, जादा सॉस नको, 'पेरी पेरी' मसाला तर नकोच. मेयोनीज आणि तिखट सॉसखाली शिळा पाव, कोरडं चिकन, जुन्या तेलाचा वास असं बरंच काही झाकलं जातं. मॅकडोनल्ड्समध्ये फ्राइज आणि मॅकआलू टिक्की, केएफसीमध्ये हाडासकट चिकन, बर्गर किंगमध्ये व्हॉपर, डॉमिनोजमध्ये साधा मार्गारिटा, जंबोकिंग किंवा गोलीमध्ये साधा वडापाव. केएफसीच्या पनीर बर्गरवरून केएफसीला नापास करणं अन्यायाचं आहे.

एकाच शाखेत दोनदा जा. पहिल्यांदा गर्दीच्या वेळी, म्हणजे दुपारी 1 ते 2 किंवा रात्री 8 ते 9. दुसऱ्यांदा दुपारी 4 च्या सुमारास. गर्दीत माल पटापट खपतो, त्यामुळे हातात येतो तो ताजा असतो. चारला तोच पदार्थ गरम ठेवायच्या कपाटातून येण्याची शक्यता जास्त. या दोन खेपांत जेवढा फरक, तेवढा त्या चेनचा 'कुठेही, कधीही तीच चव' हा दावा पोकळ. आणि चेनला नाक्यावरच्या गाडीपेक्षा जास्त पैसे द्यायचे ते याच दाव्यासाठी.

अमेरिकेतले व्हिडिओ बाजूला ठेवा. तिथला बिग मॅक आणि तिथला व्हॉपर बीफचा असतो. मॅकडोनल्ड्स भारतात 1996 मध्ये आलं तेच बीफ आणि पोर्कशिवाय. इथल्या जिभेसाठी मेनू नव्याने बसवला गेला. तिकडचं कौतुक इकडच्या बर्गरला लागू पडत नाही.

फ्राइज: घड्याळ लावून खा

सगळ्या मेनूत सर्वांत प्रामाणिक परीक्षा फ्राइजची. बटाटा, तेल आणि मीठ, लपवायला काही नाही.

ट्रे हातात आला की स्टॉपवॉच सुरू करा. एक फ्राय लगेच खा, मग तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या मिनिटाला एकेक. चांगली फ्राय पहिल्या घासाला बाहेरून कुरकुरीत आणि आतून उकडलेल्या बटाट्यासारखी भुसभुशीत लागते. सातव्या मिनिटापर्यंत ती थोडी मऊ झाली तर चालेल. मॅकडोनल्ड्समध्ये तळलेल्या फ्राइज साधारण सात मिनिटांतच द्यायच्या, असा दंडक आहे, तो उगाच नाही: आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या कवचात उतरतं आणि कवच चिवट होतं. फ्राय पहिल्या मिनिटालाच मान टाकत असेल, तर ती तुमच्या हातात येण्याआधीच म्हातारी झालेली आहे.

ताजी लॉट हवी असेल तर बिन मिठाच्या फ्राइज मागा. मीठ घालून ठेवलेल्या त्यांना देता येत नाहीत, नवीन तळाव्या लागतात. गर्दी नसताना मागा, म्हणजे मागच्या रांगेचा खोळंबा होणार नाही.

पार्सल घेतलंत तर पिशवीचं तोंड दुमडू नका. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही जून ते सप्टेंबरमध्ये, बंद पिशवीतली वाफ दहा मिनिटांत फ्राइजचा लगदा करते. दोन चेनच्या फ्राइज तोलायच्या तर एकाच आठवड्यात तोला. मे महिन्यातली एक आणि जुलैमधली दुसरी अशी तुलना धरू नका.

निकाल सांगायचा तर मॅकडोनल्ड्सच्या फ्राइजची हवा खरी आहे, पण फक्त दुकानात आणि फक्त पहिल्या सात मिनिटांत.

चिकन: हाडं मोजल्याशिवाय भाव कळत नाही

केएफसीचं जगभर गाजलेलं 'ओरिजिनल रेसिपी' चिकन प्रेशर फ्रायरमध्ये तळतात. झाकण बंद असल्याने दाब वाढतो, मांसातलं पाणी सहज उडून जात नाही, पीस लवकर शिजतो आणि आतून रसाळ राहतो. 'हॉट अँड क्रिस्पी'चं कवच मात्र उघड्या तेलात होतं, कारण कुरकुरीतपणासाठी वाफ बाहेर पडावीच लागते. ही दोन चिकनं एकाच मापाने मोजू नका. पहिल्यात रस बघा, दुसऱ्यात कवच.

पीस आला की तो मधोमध मोडा. वाफ आली पाहिजे, मांस धाग्यांनी सुटलं पाहिजे. अख्खं कवच टोपीसारखं निघून आलं आणि त्याची आतली बाजू ओलसर, पिठूळ असेल, तर पीस बराच वेळ गरम कपाटात पडून होता. हाडाजवळ लालसरपणा दिसला म्हणून लगेच कच्चं समजू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मज्जेचा रंग तळल्यावरही तिथे उतरतो. रस गुलाबी असेल किंवा मांस रबरासारखं आणि पारदर्शक दिसत असेल, तर मात्र परत करा.

आता वजन. एका कोंबडीचे नऊ पीस करतात: दोन लेग, दोन थाय, दोन विंग, दोन रिब (बरगडीकडचे) आणि एक कील (छातीचा मधला). विंग किंवा रिब वाट्याला आली तर त्याच पैशांत मांस कमी मिळतं. म्हणून आधी पीसचं वजन करा, खाऊन झाल्यावर हाडांचं. समजा दोन पीसचे 240 रुपये झाले, वजन 230 ग्रॅम भरलं आणि हाडं 60 ग्रॅम निघाली. पोटात गेले 170 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमला जवळपास 141 रुपये. हाच हिशेब बोनलेस स्ट्रिप्सचा करा. बोनलेसमध्ये हाड नसलं तरी पिठाचं कवच असतंच: स्ट्रिप आडवी कापा आणि कवच किती, चिकन किती ते बघा. काउंटरवर लेग किंवा थाय मागायला लाजू नका. गर्दी नसेल तर बहुतेकदा देतात.

बर्गर आणि पिझ्झा

बर्गर चाकूने उभा कापा आणि कडेने बघा. जाहिरातीतली उंची पॅटीची आहे की सॅलडच्या पानांची, ते तिथेच कळतं. पॅटी बाजूला काढून तिचं एकटीचं वजन करा.

बर्गर किंगची प्रसिद्धी ज्वाळेवर भाजण्याची. चरबी आचेवर ठिबकते, तिचा धूर पॅटीला लागतो आणि तो खमंग वास येतो. हे मांसाच्या पॅटीत घडतं. भाज्यांच्या पॅटीत ती चरबीच नसते, त्यामुळे शाकाहारी माणसाने या वासासाठी जादा पैसे मोजू नयेत. शाकाहारी आणि कमी खर्चाचं हवं असेल तर मॅकआलू टिक्की अजूनही हिशेबात बसते.

पिझ्झ्यात फसवते ती साइज. 7 इंची (रेग्युलर) पिझ्झ्याचं क्षेत्रफळ साधारण 38 चौरस इंच, 10 इंचीचं (मीडियम) 78. म्हणजे दहा इंची एक हा सात इंची दोनपेक्षा किंचित मोठाच. मीडियमचा भाव रेग्युलरच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर दोघांनी मीडियमच घ्यावा. टेप लावून एकदा खात्री करा. मग एक तुकडा उचलून खालची बाजू बघा: तपकिरी ठिपके हवेत, पांढरी आणि ओलसर बाजू म्हणजे बेस नीट भाजलेला नाही. बेसच्या आत चीज भरलेल्या 'चीज बर्स्ट'मध्ये हे दिसतच नाही, म्हणून परीक्षेला तो घेऊ नका.

डॉमिनोजचं नाव झालं ते तीस मिनिटांत घरपोच देण्यावर, आणि तिथे ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमुळे भाजणी शाखेगणिक फारशी बदलत नाही. पण नुसता पिझ्झा म्हणून ताटात ठेवला तर तो मध्यम आहे. थंड झालेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, बेस चामड्यासारखा होतो. जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं ठेवा.

वडापाव: इथे चेनला गाडी भारी पडते

वडापावची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असं मानलं जातं. जंबोकिंग 2001 मध्ये मालाडला सुरू झालं, गोली 2004 मध्ये कल्याणला. दोघांनी झाकलेलं, स्वच्छ आणि ठरल्या भावाचं दुकान दिलं, ही मोठी गोष्ट आहे. अडचण वड्याचीच आहे. कढईतून निघालेला वडा पाच मिनिटांत जो असतो, तो पंधराव्या मिनिटाला नसतो. कारखान्यात गोठवलेला वडा तळून दिला, तर बाहेरून गरम आणि मध्यभागी कोमट राहण्याचा धोका असतो.

तपासणी अशी: वडा फोडा. मधल्या सारणातून वाफ यायला हवी. बेसनाचं कवच पातळ हवं, दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेलं की घशाला कोरड पडते. सारणात लसूण आणि मिरची वेगवेगळी कळली पाहिजे. पाव दोन बोटांनी दाबून सोडा, आजचा असेल तर लगेच वर येतो. सुकी लसणाची चटणी खवट लागली तर तिच्यातलं खोबरं जुनं आहे.

तुलनेसाठी सीएसएमटीसमोरची जागा उत्तम. आरामचा वडापाव आणि मॅकडोनल्ड्स तिथे जवळजवळ आहेत. एकातला वडापाव आणि दुसऱ्यातली मॅकआलू टिक्की लागोपाठ खा: दोन्हीकडे पाव आणि बटाटाच. दादरला असाल तर छबिलदास गल्लीतला श्रीकृष्ण किंवा कीर्ती कॉलेजजवळचा अशोक, चुऱ्यासकट. चव आणि भाव दोन्हींत गाडी पुढे निघते. चेन जिंकते ती जिथे चांगली गाडी नाही अशा जागी: विमानतळ, हायवे, रात्री उशिरा.

गाडी निवडतानाही डोळे उघडे ठेवा. तेलावर सतत फेस येत असेल, घाणा काढायच्या आधीच धूर निघत असेल, खाल्ल्यावर टाळूला चिकट थर जाणवत असेल, तर तेल वापरून वापरून खराब झालेलं आहे. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणारी खराब द्रव्यं, म्हणजे 'टोटल पोलर कम्पाउंड्स', 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा नियम जुलै 2018 पासून आहे आणि तो चेनलाही लागू आहे.

बिल आणि कॅलरी

कॉम्बोचा हिशेब करताना तुम्ही एरवी घेतलाच नसता तो पदार्थ वजा करा. बर्गर 120, फ्राइज 90, कोला 80 आणि कॉम्बो 249. कोला नको असेल तर सुटे 210 लागतात, म्हणजे कॉम्बोत 39 रुपये जास्त गेले. मेनूवरच्या दरावर 5 टक्के जीएसटी धरा. अ‍ॅपवरचा दर काउंटरच्या दराशी जुळतो का ते एकदा बघा, बरेचदा जुळत नाही. कोल्ड्रिंक बर्फ कमी घालून मागा.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या चेनना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिणं जुलै 2022 पासून बंधनकारक आहे. कॉम्बोतल्या तिन्ही आकड्यांची बेरीज करा आणि दिवसाच्या 2000 शी ताडून बघा.

डोळे झाकून चव

शेवटची आणि सर्वांत निर्णायक परीक्षा मॉलच्या फूड कोर्टात करा, कारण तिथे दोन चेनचे काउंटर काही पावलांवर असतात. पाच जण हवेत आणि एक वाढणारा. वाढणाऱ्याने दोन चेनच्या फ्राइज एकाच वेळी आणाव्यात आणि घरून आणलेल्या सारख्या वाट्यांत काढाव्यात. प्रत्येकाला तीन वाट्या: दोन एकीच्या, एक दुसरीची. वाट्यांचा क्रम दर माणसाला बदला, वाटीच्या तळाला खूण करा, केचप देऊ नका. वेगळी वाटी कुठली, एवढंच प्रत्येकाने सांगायचं, तेही एकमेकांशी न बोलता.

नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर निघतं. त्यामुळे पाचपैकी दोघांनी ओळखली तर ते काहीच सिद्ध करत नाही. चौघांनी ओळखली तर फरक खरा धरा. निव्वळ नशिबाने असं घडायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे. मग त्या चौघांना विचारा की दोन्हींतली कुठली आवडली आणि जास्त पैसे देऊन ती पुन्हा घ्याल का.

वहीत ब्रँडसोबत शाखा, वार आणि वेळही लिहा. नवीन उघडलेल्या शाखेची नोंद पहिले दोन महिने धरू नका. तेव्हा मदतीला बाहेरून अनुभवी माणसं आलेली असतात, गर्दीमुळे सगळं ताजं असतं आणि उद्घाटनाच्या ऑफर चालू असतात. ऑफर संपल्यावर मंगळवारी दुपारी चारला जा आणि तेव्हा मिळेल त्याला गुण द्या.