चित्रावरून फ्रेंचचा तास

फ्रेंचच्या बी-१ म्हणजे मधल्या पातळीच्या वर्गाला नव्वद मिनिटांत भाषा, चित्र आणि कविता एकत्र द्यायची असेल, तर फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव कायबोतचं १८७७ चं चित्र घ्या: पॅरिसमधला पावसाळी रस्ता. आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात मोफत मिळतं. प्रोजेक्टरवरच दाखवा. मूळ कॅनव्हास दोन मीटरहून उंच आहे, पुढचं जोडपं जवळजवळ खऱ्या माणसांएवढं; फोनवर हे सगळं विरून जातं.

सुरुवातीला चित्रकाराचं नाव, साल काहीच सांगू नका. सांगितलंत की मुलं चित्र सोडून तुमच्याकडे बघतात आणि ऐकलेलंच परत म्हणतात. एवढंच विचारा: पाऊस आहे हे कशावरून? चित्रात सरी दिसतच नाहीत. छत्र्या आहेत, ओल्या दगडांवरची चमक आहे. प्रत्येक उत्तर ‘ऑं व्वा’नं (‘दिसतं’) सुरू झालं पाहिजे आणि जागाही सांगितली पाहिजे: ‘ओ प्रमिए प्लाँ’ (अगदी पुढे), ‘आ गोश’ (डावीकडे), ‘ओ फों’ (मागे). अर्धा तास यालाच द्या.

इथे लिंगं हमखास चुकतात, कारण मुलं मराठीतलं लिंग सोबत आणतात. छत्री ती, पण ‘पाराप्लुई’ पुल्लिंगी. रस्ता तो, पण ‘र्यू’ स्त्रीलिंगी. फळ्यावर नाम कधीच आर्टिकलशिवाय, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या ‘ल’, ‘ला’सारख्या शब्दाशिवाय, लिहू नका.

मग अँपारफे, म्हणजे चालू किंवा नेहमीच्या क्रियेचा भूतकाळ. ‘पाऊस पडत होता’ला मुलं तो बरोबर लावतात. घोटाळा ‘पडायचा’पाशी होतो. मराठीत रूप वेगळं, म्हणून त्यांना फ्रेंचमध्येही वेगळा काळ हवासा वाटतो आणि पासे काँपोझे, म्हणजे पूर्ण झालेल्या क्रियेचा भूतकाळ, येतो. ‘-त होता’ आणि ‘-आयचा’ दोन्ही अँपारफेत जातात, हे स्पष्ट सांगा.

आता चित्राची माहिती द्या. सां-लाझार स्टेशनजवळचा हा चौक ओस्मानच्या नव्या पॅरिसातला; जुन्या वस्त्या पाडून त्यानं शहर नव्यानं आखलं. जुनं पॅरिस गेल्याचं दुःख कवी बोदलेरच्या ‘ल सीन्य’ (‘हंस’) या कवितेत आहे (१८६०). तिच्या बावन्न ओळी एका तासात झेपणार नाहीत; पहिल्या भागातली दोनच कडवी घ्या, मोठ्यानं वाचा, प्रत्येक ओळीची बारा अक्षरं मोजून घ्या. शब्दाच्या शेवटच्या ‘अ’नंतर (लिहिताना e) व्यंजन आलं तर तो मोजायचा, स्वर आला तर नाही, आणि ओळीच्या शेवटी कधीच नाही. गणती चुकते ती बहुतेक इथेच.

शेवटची वीस मिनिटं लेखनाला: चित्रातल्या एका माणसानं वीस वर्षांपूर्वी इथे रोज काय पाहिलं असेल, ऐंशी शब्दांत. तपासताना फक्त काळ आणि लिंगं बघा. सगळंच लाल केलंत तर पुढच्या वेळी मुलं लहान, सुरक्षित वाक्यंच लिहितात.