भोर घाट ट्रेन सिम्युलेटरमध्ये उभा करायचाय? आधी उंचीचा डेटा नीट करा

‘तीस मीटरचा (म्हणजे दर तीस मीटरला जमिनीची एक उंची देणारा) डेटा उतरवा, एडिटरला द्या, डोंगर तयार.’ हा सल्ला देणाऱ्याने कल्याणच्या पुढे रूट नेलेला नसतो, हे मी आता डोळे मिटून सांगतो. सपाटीवर तो सल्ला चालतो. सीएसएमटीहून सुटलेली गाडी बिनबोभाट बदलापूर, नेरळ गाठते. कर्जत सोडलं की रंग दिसायला लागतात. रूळ एकीकडे मातीत गाडलेले, दुसरीकडे हवेत लटकलेले, आणि बोगद्याच्या जागी चक्क डोंगरावर चढून पलीकडे उतरणारे.

कर्जत ते लोणावळा मी चार वेळा केलं, त्यातले तीन खटाटोप कचऱ्यात गेले. ही चौथ्या वेळची रीत. मी ओपन रेल्स हा सिम्युलेटर आणि रूट बांधायला टीएसआरई एडिटर वापरतो, पण डेटाचं काम कुठल्याही सिम्युलेटरला जवळपास हेच. क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे आणि त्यात एखादा नकाशा उघडून बघितलाय, असं धरून चालतो.

पायरी १: टाइल्स

ओपनटोपोग्राफी किंवा नासाच्या अर्थडेटा साइटवर खातं उघडा, फुकट आहे. एसआरटीएम या उंचीच्या डेटाची एक टाइल म्हणजे एक अंश लांब, एक अंश रुंद चौकोन, आणि तिचं नाव नैऋत्य कोपऱ्यावरून पडतं. मुंबई–लोणावळ्याला चार टाइल्स लागतात, तीनमध्ये भागत नाही. १९ उत्तर आणि ७३ पूर्व या रेषा नवी मुंबईत सीवूड्सच्या आसपास एकमेकींना छेदतात, त्यामुळे आपली गाडी करी रोड आणि परळच्या मध्ये एक सीमा ओलांडते, कळव्याच्या आसपास दुसरी आणि नेरळ–भिवपुरीच्या दरम्यान तिसरी.

उतरवल्यावर एचजीटी फाइलचा, म्हणजे उंची साठवलेल्या टाइलच्या फाइलचा, आकार बघा. ३० मीटरची फाइल २,५९,३४,४०२ बाइट्सची असते. २८,८४,८०२ दिसलं तर तुम्ही ९० मीटरची उतरवलीय. परत जा.

पायरी २: कुठे कुठला डेटा

एसआरटीएम हा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेला डेटा. कोपर्निकस हा दुसरा संच, त्याचा ३० मीटरचा डेटा २०११ ते २०१५ च्या उपग्रह मोजणीतून आलाय आणि डोंगराळ भागात तो बराच रेखीव आहे. मग सगळीकडे तोच का घेऊ नये? कारण रडारला जमीन दिसत नाही, जे सगळ्यात वर असेल ते दिसतं. परळ, लोअर परळ, भायखळ्यात २००० नंतर जे टॉवर उभे राहिले ते कोपर्निकसमध्ये टेकड्या होऊन बसलेत. माझ्या पहिल्या रूटमध्ये करी रोडला अशी एक टेकडी होती आणि मी दोन दिवस ती कुठून आली ते शोधत होतो. खाडीकाठची खारफुटीही अशीच जमीन उचलते.

म्हणून शहरात एसआरटीएम, बदलापूरच्या पुढे कोपर्निकस. सांधा बदलापूरजवळच्या सपाट पट्ट्यात ठेवा, तिथे तो लपतो. झाडं आणि इमारती वजा केलेला कोपर्निकसचाच फॅबडेम नावाचा अवतारही मिळतो. रूट विकायचा नसेल तर तो वापरून बघा, त्याची परवानगी फक्त बिगरव्यापारी कामापुरती आहे.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो: उंची कशापासून मोजलीय ते बघितल्याशिवाय दोन डेटा एकत्र करू नका. एसआरटीएम आणि कोपर्निकस दोन्ही समुद्रसपाटीच्या जवळच्या पृष्ठापासून, म्हणजे जिऑइडपासून मोजतात, त्यांच्यातला फरक आपल्या कामाला किरकोळ. काही डेटा मात्र पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेला असतो. मुंबईत या दोन पृष्ठांमध्ये ६० मीटरहून जास्त अंतर आहे. मी न बघता एक टाइल तसल्या डेटाची जोडली होती. ठाण्याहून निघालेली लोकल कळव्याला आली आणि पुढे जमीनच नव्हती. कड्याच्या टोकावर गाडी, आणि खाली साठेक मीटरवर मुंब्रा.

पायरी ३: जोडा आणि भोकं बुजवा

क्यूजीआयएसच्या रास्टर मेनूतून मर्ज, मग उंची नसलेली भोकं बुजवायला फिल नोडेटा. उणे ३२७६८ हा आकडा ‘माहिती नाही’ असा जाहीर करायला विसरलात तर राजमाचीच्या दरीत बत्तीस किलोमीटर खोल विहीर पडेल.

आणि डेटा अंशांतून मेट्रिक प्रक्षेपणात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशात, नेऊन परत अंशांत आणू नका. प्रत्येक फेरीत कडे बोथट होतात. दोनदा केलं की नागफणीचा सुळका उशीसारखा दिसायला लागतो. अंतरं मोजायला यूटीएम या मेट्रिक प्रक्षेपणाचा ४३ उत्तर झोन वापरा, पण फक्त रुळांच्या रेषेसाठी. उंचीच्या चौकटीला हात नको.

पायरी ४: रुळांची उंची, जिथे सगळे बुडतात

माझे पहिले तीन खटाटोप इथेच बुडाले, म्हणून सावकाश सांगतो.

भोर घाटाचा सगळ्यात तीव्र चढ सदतीसास एक. म्हणजे ३० मीटर पुढे गेल्यावर रूळ ८१ सेंटीमीटर वर. आता डेटाकडे बघा. एचजीटी फाइलमध्ये उंची पूर्ण मीटरमध्येच लिहिलेली असते, आणि एसआरटीएमने उंचीच्या अचूकतेचं ठेवलेलं उद्दिष्टच मुळात १६ मीटरचं होतं. प्रत्यक्षात तो त्याहून चांगला निघतो हे खरं, पण ८१ सेंटीमीटर त्यातून वाचायचे म्हणजे भाजीवाल्याच्या काट्यावर सोनं तोलणं. रुळांची उंची डेटातून ‘काढता’ येत नाही. ती तुम्ही बाहेरून आणायची आणि डेटाला सांगायची. हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

मी आधी काय करायचो? ओपनस्ट्रीटमॅपवरून रुळांची रेषा घ्यायची, तिच्यावर दर ३० मीटरला ठिपका, प्रत्येक ठिपक्याखालची उंची वाचायची आणि आलेख काढायचा. आलेख करवतीसारखा यायचा. मग सगळीकडे मिळणारा सल्ला: सरासरी घेऊन गुळगुळीत करा. केलं. छान वळणदार रेषा आली, आणि सगळ्या घाटात रूळ कुठे दहा मीटर वर, कुठे बारा मीटर खाली.

सरासरी तेव्हाच कामाला येते जेव्हा चुका दोन्ही बाजूंना सारख्या होतात. घाटात तसं नसतं. झाडं नेहमी वरच असतात, खाली नसतात. बोगद्यावर डोंगराची पूर्ण उंची मिळते, पुलाखाली नाल्याचा तळ. पण सगळ्यात मोठी गोम वेगळीच आहे. घाटात रूळ डोंगराच्या कुशीत कोरलेल्या अरुंद पट्टीवरून जातात, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचं खोरं. उतार ४५ अंशांचा असेल तर तुमची रेषा १५ मीटर आडवी सरकली की उंची १५ मीटरने चुकते. आणि १५ मीटर म्हणजे अर्धा पिक्सेल. नकाशातली रेषा तेवढी सहज सरकलेली असते. त्यात भर म्हणजे काही प्रोग्रॅम पिक्सेलची उंची मध्यावर धरतात, काही कोपऱ्यावर, आणि फाइल एकातून दुसऱ्यात नेताना हा अर्धा पिक्सेल गुपचूप निसटतो. उंचीचा दोष म्हणून तुम्ही जे दुरुस्त करत बसता, तो बहुतेक वेळा जागेचा दोष असतो.

मग आता मी असं करतो.

रेषेवरचे ठिपके वाचायचे, पण बोगदे आणि पूल यांच्यावरचे ठिपके सरळ उडवायचे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन्हींची नोंद असते. हात बसवायला आधी पारसिकवर करून बघा. १९१६ चा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे, आलेखात त्याच्या जागी टेकडीचा उंचवटा लख्ख दिसतो. तो उडवला की कळवा आणि मुंब्रा आपोआप सरळ रेषेत येतात. घाटात हेच पुन्हा पुन्हा करायचंय. आणि एक जपा: खंडाळ्याजवळ जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची (जिथे गाडी उलट दिशेने पुढे निघायची) लाइन १९२९ मध्ये बंद झालीय. जुन्या नकाशावरून रेषा काढत असाल तर चुकून तिच्यावर जाल.

मग खुंट्या ठोकायच्या. खुंटी म्हणजे खात्रीची उंची, आणि ती फुकट मिळते. स्टेशनच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फलाटाच्या टोकाला जाऊन फोटो काढा, झालं. दोन स्टेशनांच्या मधल्या चढासाठी रुळांशेजारचे चढाचे खांब बघायचे. त्यांच्या आडव्या हातांवर आकडा असतो, आणि हात वर की खाली यावरून चढ की उतार ते कळतं. मी डेक्कन एक्सप्रेसला खिडकीशी बसून एका हातात वही आणि दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ घेऊन हे टिपलं. समोरचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “बोगदे मोजतोयस ना? आमचा नातूही मोजतो. दर वेळी आकडा वेगळा येतो त्याचा.” माझाही आला होता. खिडकीतूनच बघा, दारात लटकू नका, आणि रुळांवर उतरून तर अजिबात नको.

आता स्प्रेडशीटमध्ये दोन खुंट्यांच्या मध्ये पट्टीने ओढल्यासारख्या सरळ रेषा टाका. वळणदार रेषा नकोच. रेल्वेने १८५६ ते १८६३ मध्ये चढ तुकड्यातुकड्याने बांधला: इतक्या अंतराला हा चढ, पुढे तो, मध्ये थोडं सपाट. तुमचा आलेखही तसाच कोनाकोनाचा दिसायला हवा. कुठलाही तुकडा सदतीसास एकपेक्षा तीव्र आला तर चूक तुमची, घाटाची नव्हे. कर्जत ते लोणावळा साधारण २८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. सगळा घाट सदतीसास एक धरला तर तो साडेसातशे मीटर होईल. म्हणजे मध्ये सौम्य तुकडे असलेच पाहिजेत, ते शोधा. पुष्कळ जण कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत एकच सरळ रेषा मारतात आणि वर तिला ‘वास्तववादी’ म्हणतात. त्यावर न बोललेलं बरं.

पायरी ५: ही उंची डेटात बसवा

रुळांपासून ३० मीटरच्या आतल्या पिक्सेल्सना तुमच्या आलेखातली उंची द्या, त्यातून एक मीटर वजा करून. एडिटरमध्ये भराव वर चढवणं सोपं, रुळांवर आलेली माती खरवडणं वैतागाचं. त्याच्या बाहेरच्या पिक्सेलला जुन्या आणि नव्या उंचीचा मध्य. बोगद्यांवर काहीच करायचं नाही, डोंगर आहे तसा राहू द्या. पुलांखालीही नाही.

पट्टा याहून रुंद करण्याचा मोह आवरा. घाटात उतरणारी गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला वळवायला कॅच सायडिंग आहेत, आणि त्या मुख्य लाइनीपासून फुटून वर चढतात. रुंद पट्ट्याने मी त्यांच्याखालची टेकडीच सपाट केली होती. आणि या डेटात कटिंग, म्हणजे रुळांसाठी डोंगरात कापलेली खाच, कोरायला जाऊ नका. तीस मीटरच्या पिक्सेलात दहा मीटरचं कटिंग मावत नाही, ते काम एडिटरचं. ओपन रेल्सच्या जमिनीचे बिंदू ८ मीटरवर असतात, तिथे ते नीट होतं.

पायरी ६: फाइल बाहेर काढा

सोळा बिटची पूर्णांक फाइल, ३६०१ गुणिले ३६०१, नाव मूळ टाइलचंच. कोपर्निकसची उंची दशांशात असते, तिचं पूर्णांकात रूपांतर अगदी शेवटी एकदाच करा. अधेमधे केलंत तर सपाटीवर मीटर-मीटरच्या पायऱ्या पडतात आणि वांगणीची भातशेती जिना होऊन बसते.

पायरी ७: तपासा

हिलशेड (उंचसखलपणा सावलीने दाखवणारं चित्र) लावून टाइल्सचे सांधे बघा. मग पुण्याकडे जाणारी चोवीस डब्यांची गाडी घ्या, पुढे एकच लोको, मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, न लावता, आणि कर्जतहून सोडा. ती हसतखेळत खंडाळ्याला पोचली तर पायरी ४ पुन्हा. माझी पलसदरीच्या पुढे दमली आणि उभी राहिली. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, आणि आतल्या खोलीतून आई म्हणाली, “मॅच लागलीय का रे?”