ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचे धान्य आणि मुलांचा घास

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, केज, धारूर, पाटोदा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, घरांना कुलपे लागतात आणि पुढचे काही महिने संसार फडाजवळच्या, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेताजवळच्या, कोपीत (झोपडीत) थाटला जातो. अशा कुटुंबाला मदत करायची असेल, तर मुकादमाची (मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराची) गाडी येण्याआधीच कामाला लागावे.

सर्वांत आधी शिधापत्रिका पाहावी. धाकट्या मुलांची नावे तीत पुष्कळदा चढवलेलीच नसतात, आणि प्राधान्य कुटुंबाला (स्वस्त धान्यास पात्र ठरलेल्या शिधापत्रिकेच्या एका गटाला) दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळत असल्याने एक नाव राहिले की तेवढे धान्य बुडते. जन्मदाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवावे आणि सर्वांचे आधार जोडून घ्यावे. मग कारखाना कोल्हापूरकडे असो वा कर्नाटकात, तिथल्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन धान्य उचलता येते. गावी आजी-आजोबा राहणार असतील, तर त्यांनी आपल्या वाट्यापुरतेच उचलावे. उरलेले फडावरच्यांना मिळते. ही सोय अनेकांना ठाऊकच नसते, म्हणून ती घरातल्या बाईला नीट समजावून सांगावी, कारण चूल तिच्याच हाती असते.

सहा वर्षांखालील मुलांची आणि गरोदर बायकांची नोंद फडाजवळच्या अंगणवाडीत करावी. शाळकरी मुलांसाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे, म्हणजे ते दाखवून स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत शिकता येते. मूल मागेच राहणार असेल, तर हंगामी वसतिगृहाबद्दल (आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावी राहणाऱ्या मुलांच्या सोयीबद्दल) मुख्याध्यापकांकडे आग्रहाने विचारणा करावी. निराधार मूल आढळल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे.