घरात कॅमेलिऑन ठेवताय? पिंजऱ्याच्या या चुका टाळा

सांगली-साताऱ्यात व्हेल्ड कॅमेलिऑन पाळायचं मनात आलं की माणूस पोचतो माशांच्या दुकानात, आणि तिथून तीन फुटी काचेची टाकी घेऊन घरी येतो. निम्मी दुखणी या टाकीतूनच सुरू होतात. येमेन आणि सौदी अरेबियातला हा सरडा झाडावर राहणारा. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड-दोन फूट भरतो. त्याला लांबी नको, उंची हवी: कमीत कमी 2 बाय 2 फूट आणि उंची 4 फूट. बंद काचेत हवा कोंडते, शिवाय स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की समोर दुसरा नर आहे असं समजून तो दिवसभर फुगून बसतो.

स्लायडिंग खिडक्या करणारा कारागीर अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसवून देतो. फक्त डासांची नायलॉन जाळी लावू देऊ नका. खायला सोडलेले रातकिडे ती कुरतडतात आणि सरड्याची नखं तिच्यात अडकतात. प्लास्टिकचा लेप असलेली बारीक वेल्डमेश, म्हणजे तारेची जाळी घ्या. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर चढवा, म्हणजे सरडा आपल्या डोळ्यांच्या वर बसेल. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखाच वाटतो.

"खिडकीत ऊन येतंच की," हे वाक्य हमखास ऐकू येतं. काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, त्यामुळे ते ऊन या कामाचं नाही. हे किरण नसले तर अंगात डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, डी3 नसलं की खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही, आणि मग पाय वाकतात, जीभ नेमकी जात नाही. लांब टी5 हाय आउटपुट यूव्हीबी ट्यूब लावा, 5.0 किंवा 6 टक्के यूव्हीबी लिहिलेली. बाजारात मिळणारा वेटोळ्याचा छोटा यूव्हीबी बल्ब एवढ्या पिंजऱ्याला पुरत नाही. ट्यूब उजेड देत राहते, पण तिच्यातलं यूव्हीबी कमी होत जातं. म्हणून वर्षाकाठी ती बदलायचीच.

उष्णतेच्या बाबतीत परदेशी व्हिडिओ सरळ फसवतात. थंड देशातल्या घरासाठी सांगितलेला, ऊब देणारा 100 वॅटचा बल्ब सांगलीच्या एप्रिलमध्ये लावला तर सरडा भाजून निघेल. बल्बखालच्या फांदीवर 30 ते 32 अंश पुरे. तेही अंदाजाने ठरवू नका. जिथे त्याची पाठ येते तिथे डिजिटल थर्मामीटरची वायर लावून मोजा. दुपारी खोलीच 36 अंशांवर गेली असेल तर बल्ब बंद ठेवा. तोंड उघडं आणि रंग फिकट दिसला तर तो तापलाय, लगेच सावलीत हलवा. साताऱ्यात डिसेंबरची रात्र गार झाली म्हणून लाल बल्ब लावून ठेवणारेही आहेत. त्याला रात्री मिट्ट काळोख लागतो, आणि धडधाकट मोठ्या सरड्याला 18 अंशांची रात्र उलट मानवते. पारा फारच उतरला तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा.

पाण्याची वाटी ठेवून "पीतच नाही" म्हणत बसू नका. साचलेलं पाणी बहुधा त्याच्या लक्षातच येत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. दिवा लागण्याआधी पहाटे एकदा आणि दिवा मालवल्यावर एकदा फवारा, मध्ये पानं वाळू द्या. जुलैत साताऱ्याची हवा आधीच ओली असते. तेव्हाही दिवसातून चारदा फवारलं तर बुरशी येते आणि फुप्फुसं धरतात. बोअरच्या जड पाण्याने नोझल तुंबतं, पानांवर पांढरे डाग पडतात. आरओचं पाणी वापरा. खाली ट्रे हवा, माती किंवा भुसा नको.

आत जास्वंद आणि मनी प्लांट दाट लावा, नर्सरीतून आणल्यावर पानं धुऊन घ्या, कारण हा पठ्ठ्या पानंही खातो. नाकतोडे मात्र शेतातून धरून आणू नका. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांवर होणाऱ्या फवारण्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पावसाच्या तोंडावर दिसणारे काजवेही देऊ नका, काही जातींचे काजवे सरड्यांना विषारी ठरले आहेत. त्याच खोलीत मच्छर कॉइल, उदबत्ती, मुंग्यांचा खडू नको.

आपल्याकडच्या माळावर दिसणारा देशी कॅमेलिऑन उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे. व्हेल्डचीही नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर पुढे बोलूच नका.

लक्षणं पाहताना घाबरू नका, पण टाळाटाळही नको. सकाळी काळसर दिसणं साधं आहे, तो ऊब घेतोय. दिवसभर काळा आणि जाळीवर सारखा वरखाली करत असेल तर आडोसा कमी आहे किंवा उष्णता जास्त. डोळे खोल गेले, विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला, तर पाणी कमी पडतंय. दिवसा डोळे मिटून बसला तर मात्र थेट डॉक्टर.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट, जी दुकानदार हमखास सांगायची विसरतो. नराशिवायही ती अंडी धरते. दमट वाळूची फूटभर खोल बादली आत नसेल तर अंडी अडकून ती मरू शकते. ती तळाशी फिरू लागली की बादली ठेवा, पिंजऱ्यावर कापड टाका, डोकावू नका. उकरून थकली तरी अंडी येईनात, डोळे मिटू लागली, तर थांबू नका. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणेही लांब नाही; पण सरडे तपासणारा डॉक्टर कोण, हे तिला घरी आणण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.