पोळा झाला, घरच्या फळझाडांवर औषध मारायचं का?

तान्हा पोळा आटोपला की वावरात कपाशीवर फवारणीचा जोर असतो, आणि नेमकं त्याच टायमाला मागच्या अंगणातल्या दोन-चार झाडांकडे लक्ष जातं. संत्रा गळून राहिला, लिंबाची पानं कोणीतरी कुरतडली, सीताफळावर पांढरं पांढरं पिठासारखं आलंय. मग पंपात वावरातलं लिटर-दीड लिटर औषध उरलेलंच असतं, फेकून कशाला द्यायचं म्हणून तेच झाडांवर. हे मात्र करू नका राजेहो.

कपाशीवरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, मोनोक्रोटोफॉस ही सगळी त्यातलीच. पानातून आत शिरतात, झाडाच्या रसात फिरतात, त्यामुळे फळ नळाखाली कितीही धुवा, आत गेलेलं निघत नाही. कापूस कोणी खात नाही, लिंबू आपण त्याच दिवशी वरणावर पिळतो. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे आणि आपली वांगी-मिरची त्या लिंबाखालीच लावलेली असते! 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते तर वावरात होते. इथे झाड डोक्यावर, नोझल वर धरून मारलं की अर्धं आपल्याच तोंडावर, उरलेलं पाण्याच्या टाकीवर, वलणीवरच्या धुण्यावर, बांधलेल्या बकरीवर.

आता संत्र्याचंच घ्या. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, फळं या दिवसात गळतात त्याला कारणं बरीच, पण गळलेलं फळ उचलून बघा, टाचणीएवढं भोक, भोवती गोल मऊ डाग, दाबलं की रस येतो, असं असेल तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. हा पतंग रात्री बाहेरून येतो आणि रस पिऊन निघून जातो, त्याची अळी संत्र्यावर राहतच नाही, ती असते गुळवेलीवर नाहीतर वासनवेलीवर. म्हणजे दिवसा झाडावर औषध मारून त्याला काही फरक पडत नाही, पैसे गेले आणि तोडणीला आलेल्या फळावर विष बसलं ते वेगळं. कोरोनापासून घरोघरी कुंपणावर गुळवेल चढवलीय, काढा म्हणत नाही, पण पानं उलटून अळ्या वेचत जा. खालची फळं रोज उचलून खड्ड्यात पुरायची, अंधार पडला की दोन-तीन तास कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करायचा, आणि झाड एकच असेल तर सरळ फळांना कागदी पिशव्या बांधा, एका दुपारचं काम आहे.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते ती फुलपाखराची अळी, मोठी झाली की हिरवी होते आणि बोट लावलं की डोक्यातून लालसर शिंगं काढते, वास मारतो. हाताने वेचायची, बस. कोवळ्या पानावर नागमोडी रेघा काढणारी अळी मोठ्या झाडाचं फार काही बिघडवत नाही, सोडून द्या.

सीताफळ-पेरूवरच्या त्या पांढऱ्या मिलीबगमागे (पिठ्या ढेकूण) मुंग्या असतातच, म्हणून खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा, लागलेलं फळ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने पुसा. जास्तच असेल तर लेकॅनिसिलियम नावाची कीड मारणारी बुरशी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, ही दमट हवेत चांगली चालते, आताच मारायची.

बाकी रस शोषणाऱ्या किडींना निंबोळी अर्क. जून-जुलैत वेचून सावलीत वाळवलेली निंबोळी अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 20 ग्रॅम साबणचुरा टाकून 10 लिटर करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारून संपवा.

रासायनिक कधीच नको असं मी म्हणत नाही. संत्रा-लिंबाची नवी कलमं असतील आणि नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटव्यावर, सायला ही बारीक रस शोषणारी कीड दिसली तर हयगय नको, ती ग्रीनिंग रोग पसरवते आणि कलम हातचं जातं. पण औषध नवीन आणा, लेबलवर आपल्या फळाचं नाव आहे का बघा, शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही त्यावर असतं. लेबलवरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण हिरवा किंवा निळा बघा, लाल-पिवळा घरात आणूच नका. कृषी केंद्रवाला म्हणेल हेच मारा, जोरदार आहे, तरी आधी वाचा. कपाशीचा पंप इथे चालणार नाही, त्यात तणनाशक फिरलं असेल तर कलम जळतं, छोटा दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. झाड फुलावर असेल तर थांबा, मधमाश्या मरतात. आणि फवारून गरगरलं, मळमळलं, दिसायला अंधुक झालं तर कपडे काढून साबणाने आंघोळ, 108 ला फोन, अन् दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या, कोणतं विष आहे ते डॉक्टरला त्यावरूनच कळतं.